होडीला घरचा हात

बाबाचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमची होडी अजून पाण्यात होती. भूल उतरल्यावर त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला. पाय शाबूत आहे का, घरी कधी सोडणार, तू काही खाल्लंस का, यातलं काही नाही. "होडी वर काडली काय?" मी म्हटलं, "तू आधी गप पडून राहा." बाबानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी उत्तर टाळलं म्हणजे काय समजायचं, एवढं तो मला ओळखतो.

पनवेलच्या कोळीवाड्याजवळ खाडीचा धक्का आहे. तिथंच शेवाळावरून त्याचा पाय घसरला. होडीच बांधायला गेला होता. फायबरची लहान होडी, मागे मशीन, दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढी. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या, जे मिळेल ते आणायचा. आई गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून तो होडीशीच बोलतो. मी स्वतः ऐकलंय. माझ्याशी इतकं गोड कधी बोलला नाही.

भाऊ पोर्टाकडचा ट्रेलर चालवतो आणि करंजाड्यात राहतो. मी लग्न होऊन कामोठ्याला आले, दुपारी घरीच शाळेतल्या मुलांच्या ट्यूशन घेते. कोळीवाड्यातल्या घराला पायऱ्या आणि संडास बाहेर, माझ्या बिल्डिंगला लिफ्ट, म्हणून दवाखान्यातून बाबाला माझ्याकडे आणलं. तो आला तो पाहुण्यासारखा. लेकीच्या घरी किती दिवस अन्न खायचं हे त्यानं गाडीतच ठरवून टाकलं होतं. "नारली पुनवेला होडी पान्यात उतरवायची. तवर चालाया लागतो मी." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या वयात औषधापेक्षा माणसाची इच्छा जास्त काम करते, पडून राहिला तर पडूनच राहील. बाबाच्या सगळ्या इच्छेला एकच नाव होतं, होडी. म्हणजे ती टिकली तर बाबा उठणार, हे मला त्या दिवशीच स्वच्छ कळलं.

पावसाळ्याआधी आमच्याकडे होड्या शाकारतात. भरतीच्या पाण्यावर होडी उतारापर्यंत आणायची, मग आळीतल्या सगळ्यांनी मिळून दोरीनं ओढत वर न्यायची, खाली ओंडके द्यायचे आणि वरून ताडपत्री. प्रत्येकाची होडी सगळे ओढतात, तिथं तुझं-माझं नसतं. फक्त एक रीत आहे. ज्याची होडी, त्याच्या घरचा एक तरी हात दोरीला लागलाच पाहिजे. मुलगा चालतो, भाऊ चालतो, सूनही चालते. लग्न झालेली लेक चालत नाही. तिनं दोरी ओढली तर होडी तिच्यामागोमाग निघून जाते, घराला राहत नाही, असं मानतात. दुसऱ्या गावच्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्या हसतात. त्यांच्याकडे सगळ्याच ओढतात म्हणे. आमच्या आळीत यावर अजून कुणी हसलेलं मी पाहिलं नाही.

होड्या ओढायच्या दिवशी मी सकाळीच धक्क्यावर गेले. भाऊ ट्रेलर घेऊन गुजरातकडे गेलेला आणि वहिनी बाळंतपणाला माहेरी. एकेक होडी वर चढत होती. आमच्या शेजारचा काका, म्हणजे बाबाचा लहानपणापासूनचा दोस्त, ओढताना हाळी द्यायला उभा होता. त्याची हाळी उठली की सगळे एकदम जोर लावतात. सगळ्यात शेवटी आमची होडी राहिली. माणसं घामेजलेली, पाणी भरलेलं, दोरी बांधून तयार, आणि सगळे माझ्याकडे बघत उभे.

"भाऊ कवा येतो?" काकानं विचारलं.

"तो नाय येत. मी हाय ना. मी लावते हात."

काका दुसरीकडे बघायला लागला. "तुज्या बाबाला इचार बाय. आमचं काय नाय."

मी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिनं आपल्या मनाचं केलं.

"बाबा, पानी भरलंय, मानसं उभी हायत. मी हात लावते."

"तू नको."

"मंग कोन लावील?"

"पोरगा येल."

"तो गुजरातला हाय बाबा!"

"येल म्हनलं ना. तवर धक्क्याला ऱ्हाऊ दे. आज नाय त फुडच्या भरतीला."

फोन बंद झाला. मी काकाला म्हटलं, ओढा, बाबाला मी बघून घेते. तो म्हणाला, "होडी त्याची हाय गो. त्याचा सबुद मोडून कशी वडू?" माणसं दोरी सोडून पांगली. ओहोटी लागली आणि होडी परत धक्क्याशी येऊन डुलायला लागली. मला इतका संताप आला होता की रिक्षावाल्याशी उगाच भांडले. खुबा मोडलेला बाप माझ्या पलंगावर झोपतो, माझ्या हातचं जेवतो, माझा नवरा त्याला आंघोळ घालतो, आणि दोरीला तेवढा माझा हात नको!

घरी आल्यावर मी बोलायचं ते सगळं बोलले. बाबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मशीन काडून आन. भिजंल." बस्स. पुढचे दोन महिने आमच्यात याच विषयावर बोलणं झालं, बाकी सगळं बंद.

मशीन काकानं आणि माझ्या नवऱ्यानं खोलून टेम्पोतून कामोठ्याला आणलं. ते आमच्या गॅलरीत चादर पांघरून बसलं. घरभर पेट्रोलचा वास. शेजारीण नाकाला पदर लावून विचारून गेली, जनरेटर आणलाय, कुणाचं कार्य आहे का म्हणून. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केली. नवरा सहसा काही बोलत नाही, तोही म्हणाला, "तुझे वडील आले ते समजू शकतो, पण त्यांची होडी अर्धी इथं आणि अर्धी तिथं, हे काय?" मला हसू आलं. त्या पावसाळ्यात मी हसले असेन तर तेवढंच.

होडी वर शाकारलेली असली की खालचं बूच काढून ठेवतात. कितीही पाऊस पडो, पाणी त्या भोकातून आपलं आपण वाहून जातं. पाण्यातल्या होडीचं बूच काढलं तर खाडीच आत येईल. म्हणजे पडेल तो पाऊस होडीच्या पोटात, आणि तो हातानं उपसायचा. हे काम मी करायला बाबाची काही हरकत नव्हती. पाणी उपसायला लेक चालते, बरं का! मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "उपसाया रीत नसते," आणि पुन्हा छताकडे बघत बसला.

रोज सकाळी नवऱ्याचा डबा झाला की मी रिक्षानं कोळीवाड्याला जायची. तेलाचा कापलेला डबा घेऊन होडीत उतरायचं आणि तळ दिसेपर्यंत पाणी बाहेर फेकायचं. नवीन निळी ताडपत्री आणली, ती नुसती ताणून बांधली. दुसऱ्या दिवशी बघते तर मधोमध तिचं तळं झालेलं आणि त्या वजनानं होडीचा एक काठ पाण्याला टेकलेला. बाबाला सांगितलं तर चिडला. "मधी बांबू नाय घातलास? घराला आढं नसतं काय?" मग मधोमध आडवा बांबू घालून दोन्हीकडे उतार काढला, तेव्हा पाणी बाहेर पडायला लागलं. कडा काथ्यानं बांधल्या तर वाऱ्यानं तुटल्या, म्हणून सायकलची ट्यूब कापून तिनं बांधल्या. पळस्प्याच्या पंक्चरवाल्याकडून जुने टायर आणले आणि धक्क्याच्या कडेला ओळीनं लटकवले, म्हणजे होडी घासली तरी रबराला घासेल. होडीच्या मागच्या टोकाला दोरी लावून नांगर खाडीत लांब टाकला, म्हणजे ती धक्क्यापासून ओढलेली राहील. हे सगळं बाबा पलंगावरून सांगायचा आणि मी फोन कानाला लावून करायची. उधाणाच्या दिवसांत दोऱ्या सैल, एरवी आखूड. आज तिथी कुठली, पाणी किती चढेल, हे त्याला कॅलेंडर न बघता कळायचं. मी कंटाळून "बास आता" म्हटलं की तो म्हणायचा, "दोरी एकदा हातानं चाचप." मी चाचपायची.

एक मात्र कबूल करायला हवं, त्यानं शब्द पाळला. मी परत आले की तो विचारायचा, "कोरडी हाय?" मी "हाय" म्हटलं की वॉकर पुढे ओढायचा आणि उठायचा. दात-ओठ खाऊन पलंगापासून दारापर्यंत, मग दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी त्याच्यावर खूश होती. ती म्हणाली, असा पेशंट मी पाहिला नाही. तिला काय माहीत, तो वॉकर धरून धक्क्यावर चालत होता. मलाही त्याच्या पावलांचं व्यसन लागलं. पावसात चिंब होऊन, चिखलात भरून घरी यायचं आणि तो उठतो का ते बघायचं. त्याच्यावरचा राग होताच, पण तो उठला की सगळा राग पोटात जायचा.

भावाला मी सतत फोन करायची. तो दर वेळी "या रविवारी नक्की" म्हणायचा. एका रविवारी खरंच आला. आला तो भर ओहोटीला, जेव्हा होडी चिखलात बसलेली असते आणि दहा हत्ती आणले तरी हलत नाही. कोळ्याच्या पोटी जन्मून हा भरती बघून यायचं विसरला! पायात पांढरे बूट. धक्क्यावरून त्यानं होडीचा फोटो काढला, "ताई, भारी बांधलीयस" म्हणाला, आणि दुसरी ट्रिप आहे म्हणून निघून गेला. बाबाला तो भेटलाही नाही. तरी बाबा म्हणाला, "आला व्हता ना? मंग पुढल्या टायमाला वडल."

आषाढातली अमावास्या आली, म्हणजे गटारी. पंधरा दिवसांवर नारळी पौर्णिमा. बाबा तोवर वॉकर धरून लिफ्टपर्यंत जायला लागला होता. त्या सकाळी मी धक्क्यावर गेले, पाणी उपसलं, उधाण येणार म्हणून दोऱ्या सैल केल्या, टायर पाहिले, नांगराची दोरी हातानं चाचपली. सगळं ठीक होतं. आळीत घराघरांतून मटणाचा वास येत होता आणि पुरुषमंडळी बाटल्या घेऊन कुणाच्या तरी शेडमध्ये जमायला लागली होती. श्रावण लागायच्या आत जे काय खायचं-प्यायचं ते आजच. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. वर डोंगराकडे आभाळ काळं होतं, पण ते रोजच असतं.

दुपारी मुलं पाढे म्हणत होती तेव्हा काकाचा फोन आला. तो नीट बोलूही शकत नव्हता, थोडी घेतलेली होती आणि थोडा रडत होता. "बाय, ये. होडी गेली." मुलांना घरी पाठवलं. बाबा झोपला होता, त्याला उठवलं नाही.

हायवेखालच्या रस्त्यात पाणी भरलेलं, रिक्षावाला पुढे येईना, शेवटचा पट्टा मी चालत गेले. पोचले तेव्हा उधाणाचं पाणी उतरायला लागलं होतं. वरून नदीला लोंढा आला होता आणि त्यात कुठलंसं उपटलेलं झाड वाहत येऊन नांगराच्या दोरीत अडकलं होतं. नांगर घसरला, होडी धक्क्याकडे ढकलली गेली आणि पुढे आलेल्या सिमेंटच्या कडेखाली शिरली. त्यातच भरतीचं पाणी चढत गेलं. खालून पाणी उचलतंय आणि वरून सिमेंट दाबतंय, अशी ती मधे सापडली. कुणी तिथं असता तर काठीनं नुसती ढकलून बाहेर काढता आली असती, पण गटारीला तिथं कोण असणार? एक बाजू काठापासून तळापर्यंत उकलली होती. टायर जागच्या जागी होते. ताडपत्रीची एकही गाठ सुटली नव्हती. त्या गाठी बघून मला रडू फुटलं. मी एवढं सगळं केलं होतं आणि पाण्यातल्या होडीला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. तिची जागा वर होती, ओंडक्यांवर.

मोडकी होडी तशीच सोडली तर रात्रीच्या भरतीत वाहून जाऊन कुणाच्या जाळ्यांत घुसली असती. काकानं शेडमधून माणसांना हाका मारून आणलं. खाऊन-पिऊन जड झालेली माणसं चिखलात उतरली आणि दोरी लावली. मीही उतरले आणि दोरी धरली. काकानं माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानं हाळी दिली आणि आम्ही ओढलं. मोडलेल्या होडीला कसली रीत लागणार? ती वर यायला फार वेळ लागला नाही. इतके दिवस ती एवढीच दूर होती, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

घरी आले तर बाबा जागा होता, पलंगावर पाय खाली सोडून बसलेला. माझ्या साडीवरचा चिखल त्यानं बघितला. "कोरडी हाय?" असं त्यानं विचारलं नाही.

"बाबा, फुटली."

त्यानं खाली सोडलेले पाय वर पलंगावर घेतले. मग म्हणाला, "आता कुठं हाय?"

"वर काडून ठेवली."

"कोनी वडली?"

"सगल्यांनी."

"पोरगा आलता?"

"नाय."

"मंग घरचा हात?"

मला खोटं बोलता आलं असतं. तेवढी अक्कल मला आहे. पण दिवसभराचा चिखल अंगावर होता आणि दोरीनं तळहात सोलले होते. मी म्हटलं, "मी लावला."

बाबानं मान हलवली, जणू कधीपासून अडलेलं काहीतरी त्याला उलगडलं. "तरीच गेली," तो म्हणाला.

"बाबा, आधी फुटली. दुपारीच फुटली. मी दोरी धरली ती मागनं."

तो आडवा झाला. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी वॉकर पुढे केला तर त्यानं हातानं बाजूला सारला. व्यायामाची मुलगी आली, समजावून थकली आणि गेली. तिसऱ्या खेपेनंतर तिचं येणंच बंद झालं. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून कुणी तरी फोन केला, मागे ढोल वाजत होते. बाबानं फोन कानाला लावला नाही.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ सफरचंदं घेऊन आला. पलंगाजवळ बसून रडला. बाबानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुजी काय चूक? तुला कामं हायत. मानूस तरी कुठं कुठं पुरंल?"

मी दारात चहा घेऊन उभी होते. म्हटलं, "आनि माजी काय चूक व्हती बाबा?"

बाबा माझ्याकडे न बघता बोलला. "तुला सांगितलं व्हतं. दोरीला हात लावू नको म्हनून." भाऊ मोबाइल काढून बघायला लागला. मी चहाचा ट्रे तिथंच खाली ठेवला आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मला बाबाचा इतका राग कधी आला नव्हता आणि त्याची इतकी कीवही.

बाबा अजून माझ्याकडेच आहे. आता तो स्वतःहून कुशीवरही वळत नाही. पडून पडून पाठीला फोड येतात, म्हणून रोज सकाळी त्याच्या काखेत हात घालून मी त्याला ओढून बसवते. वजन बरंच आहे, एका दमात होत नाही. तो माझ्या खांद्याला घट्ट धरतो आणि मी पूर्ण जोर लावून त्याला वर ओढते. त्या वेळी माझ्या हाताबद्दल तो काही म्हणत नाही.